पाठीतली सुई

श्रोतेहो, आज मी कवितेविषयी बोलणार नाही. बोलणार आहे एका सुईविषयी. बाळंतपणाच्या कळा कमी व्हाव्यात म्हणून बाईच्या पाठीत, दोन मणक्यांच्या मधून जी सुई देतात, तिच्याविषयी. डॉक्टर तिला एपिड्युरल म्हणतात. मी काही डॉक्टर नाही. बी. ए. झालेली, कविता लिहिणारी बाई आहे. मग या विषयावर बोलण्याचा अधिकार कुठून आला, असं कुणी विचारलं तर एवढंच सांगेन, की या सुईनंतर माझ्या लेकीला जे झालं ते मी माझ्या घरात बघितलं आणि त्यातले अडीच दिवस माझ्या अडाणीपणामुळे वाया गेले. तशी वेळ दुसऱ्या कुणा आईवर येऊ नये, म्हणून हा प्रपंच.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही रीत आमच्याकडेही आहे. लेक सातव्या महिन्यात घरी आली. तपासणीला गेलो तेव्हा तिनंच डॉक्टरबाईंना विचारलं, ‘कळा कमी करायचं इंजेक्शन असतं ना, ते मला मिळेल का?’ मी शेजारच्या खुर्चीत बसले होते. मला ते आवडलं नाही. माझं स्वतःचं पहिलं बाळंतपण तालुक्याच्या गावी झालं. तेव्हा माझी अम्मी उशाशी बसून एकच शब्द म्हणत होती, ‘सोस.’ मी सोसलं. तिनं सोसलं होतं, तिच्या अम्मीनं सोसलं होतं. जणू सोसणं हा आमच्या घरचा दागिनाच, एकीनं दुसरीच्या हाती द्यायचा. घरी आल्यावर मी लेकीला म्हणाले, ‘कळा सोसल्याशिवाय कुणी आई होतं का?’ ती हसून म्हणाली, ‘अम्मी, दाढ काढताना तू भूल घेतलीस ना? दाढ सोसून का नाही काढलीस?’ मला उत्तर सुचलं नाही.

पुढे विचार करताना एक गोष्ट आठवली. कुराणात बीबी मरियम यांच्या प्रसूतिवेदनांचा प्रसंग आहे. वेदना असह्य होऊन त्या खजुराच्या बुंध्याशी येतात आणि याआधीच मरण आलं असतं तर बरं, असं म्हणतात. त्यावर त्यांना ‘सोस’ असं कुणी सुनावलेलं नाही. पायाशी पाण्याचा झरा आणि झाडावरचा ताजा खजूर, असा दिलासा दिलेला आहे. वेदना मोठी असेल तर तिच्यावर उतारा शोधणं हा गुन्हा नव्हे, हे मला माझ्याच घरातल्या ग्रंथात सापडायला हवं होतं. पण वयाची पन्नाशी उलटेपर्यंत मी ते त्या नजरेनं वाचलंच नव्हतं.

ही वादावादी काही आमच्याच घरात पहिल्यांदा झालेली नाही. एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्पसन या डॉक्टरांनी १८४७ साली बाळंतपणात आधी ईथर आणि मग क्लोरोफॉर्म वापरलं, तेव्हाही वैद्यकीय आणि धार्मिक अशा दोन्ही अंगांनी चर्चा झाली. १८५३ साली राणी व्हिक्टोरियानं राजपुत्र लिओपोल्डच्या जन्माच्या वेळी क्लोरोफॉर्म घेतलं. ते देणारे डॉक्टर म्हणजे जॉन स्नो, कॉलरा पाण्यातून पसरतो हे दाखवून देणारे तेच. राणीनं घेतल्यावर लोकांची कुजबुज बरीच खाली बसली. पण क्लोरोफॉर्म अख्ख्या शरीराला गुंगी आणतं. बाई शुद्धीवर राहावी, बाळाला गुंगी येऊ नये आणि कळा मात्र कमी व्हाव्यात, यासाठी दुसरी वाट हवी होती. ती वाट पाठीतून गेली. १९२१ साली फिदेल पाखेस या स्पेनच्या लष्करी शल्यवैद्यानं कमरेच्या मणक्यांतून एपिड्युरल भूल देण्याची पद्धत लिहून प्रसिद्ध केली. दोनच वर्षांनी तो मोटार अपघातात गेला. त्याचं लिखाण स्पॅनिशमध्ये असल्यामुळे बाहेर फारसं कुणी वाचलं नाही. पुढे इटलीच्या दोग्लिओत्ती यांनी ही पद्धत स्वतंत्रपणे मांडली आणि ती जगभर गेली. एखादी गोष्ट कुठल्या भाषेत लिहिली यावर तिचं नशीब ठरतं, हे मराठीत लिहिणाऱ्या माणसाला निराळं सांगायला नको!

आता ही सुई नेमकं काय करते ते साध्या शब्दांत सांगते. आपल्या पाठकण्याच्या आत एक पिशवी असते. त्या पिशवीत स्वच्छ पाणी असतं आणि त्या पाण्यात मज्जारज्जू आणि त्याच्या नसा असतात. पिशवीच्या बाहेर, हाडाच्या आतल्या बाजूला, काही मिलिमीटरची एक अरुंद जागा असते. तिथं सुई पोहोचवायची, तिच्यातून केसासारखी बारीक प्लास्टिकची नळी आत सरकवायची, सुई काढून घ्यायची आणि नळीतून थोडं थोडं औषध सोडत राहायचं. पोटाकडून येणाऱ्या वेदनेच्या नसा त्या औषधानं बधिर होतात. सुई जिथं देतात तिथपर्यंत बहुतेकांचा मज्जारज्जू पोहोचतच नाही; तो वरच संपलेला असतो आणि खाली नुसत्या नसा असतात. त्यामुळे ‘सुई मज्जारज्जूत घुसली की बाई पांगळी’ ही जी भीती आपल्याकडे सांगितली जाते, ती बहुतेक वेळा खरी नसते.

पण जागा अरुंद आहे आणि सुई जाडसर आहे. शिवाय डॉक्टरला आतलं काही दिसत नसतं. पिचकारीचा दट्ट्या दाबत दाबत सुई पुढे न्यायची. दट्ट्याला होणारा अडथळा एकदम नाहीसा झाला की योग्य जागा आली, हे बोटांनी ओळखायचं. आणि हे सगळं अशा बाईच्या पाठीत, जिला दर दोन-तीन मिनिटांनी कळ येते आहे. कशिदा काढणाऱ्या बाईला विचारा, हलत्या कापडावर टाका घालणं काय असतं ते. सुई दोनतीन मिलिमीटर पुढे गेली तर त्या पिशवीला भोक पडतं. हे शंभरात साधारण एकीच्या बाबतीत होतं आणि कधी कधी त्या वेळी लक्षातही येत नाही. माझ्या लेकीच्या बाबतीत नेमकं हेच झालं.

सोमवारी पहाटे तिला मुलगी झाली. सुई दिल्यावर तासाभरात ती शांत झाली होती, माझ्याशी गप्पा मारत होती. बाळाच्या कानात अजान झाली, पेढे वाटले. बुधवारी आम्ही घरी आलो. संध्याकाळी तिला बाळाला पाजायला उठवलं तर तिनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. ‘अम्मी, डोक्यात कुणीतरी घण घालतंय.’ मला वाटलं, जागरण झालंय. गुरुवारी मान आखडली. कानात गुंईऽ आवाज येतो म्हणाली. खालानं सांगितलं, वारं लागलंय, कान बांध. मालीशवालीनं डोक्यावर तेल थापलं. मी हरिरा केला, ओव्याची धुरी दिली, नजर उतरवली. शुक्रवारी तर तिनं ताटावरून उठून जमिनीवरच अंग टाकलं. आणि श्रोतेहो, आज कबूल करते, मनातल्या मनात मला एक बारीकसं समाधानही वाटत होतं. घे आणखी सुई! आमचं ऐकलं नाहीस ना? आईच्या मनात असलं काही येतं, हे सांगायला लाज वाटते. पण आलं होतं. त्या समाधानामुळेच मी दवाखान्याला फोन केला नाही.

शनिवारी छटी. घरात माणसं येणार म्हणून मी तिला भिंतीला टेकवून बसवलं. ती पांढरीफटक पडली होती, तरी येणाऱ्या-जाणाऱ्याशी हसत होती. दुपारी शेजारच्या काकू आल्या. सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून नोकरी करून त्या निवृत्त झालेल्या. त्यांनी बाळाकडे बघितलं, मग आईकडे बघितलं आणि एकच प्रश्न विचारला, ‘आडवी झालीस की डोकं थांबतं का गं?’ लेक म्हणाली, ‘हो काकू, झोपले की पाच-दहा मिनिटांत थांबतं. उठले की पुन्हा सुरू.’ काकू माझ्याकडे वळल्या. ‘पाठीत सुई दिली होती ना हिला? मग आत्ताच्या आत्ता दवाखान्यात फोन करा. आणि तिला आधी आडवी करा.’

या एका प्रश्नात सगळं आलं. पिशवीच्या भोकातून आतलं पाणी झिरपत राहतं. त्या पाण्यावर मेंदू जणू तरंगत असतो. पाणी कमी झालं की उभं राहिल्यावर किंवा बसल्यावर मेंदू खाली ओढला जातो, त्याच्या आवरणांवर ताण येतो आणि डोकं फुटायला लागतं. आडवं झालं की ताण सुटतो. हे दुखणं बहुधा एक ते तीन दिवसांत सुरू होतं. मान आखडणं, कानात आवाज, उजेड सहन न होणं, कधी एकाची दोन दिसणं, ही त्याची भावंडं.

गंमत अशी, की हे दुखणं या विद्येइतकंच जुनं आहे. १८९८ साली जर्मनीत ऑगस्ट बीअर या शल्यवैद्यानं पाठीतून भूल देण्याचा प्रयोग आधी स्वतःवर करून घेतला. सहायकानं सुई घातली, पण पिचकारी सुईला नीट बसेना. भूल चढलीच नाही आणि पाणी मात्र भरपूर वाहून गेलं. मग बीअरनं तोच प्रयोग सहायकावर केला, तो साधला. पण पुढचे नऊ दिवस बीअर अंथरुणाला खिळून होता. उठलं की डोकं दुखायचं, झोपलं की थांबायचं. त्यानं हे प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी एका डॉक्टरनं जे लिहून ठेवलं, ते माझ्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. बीअरला निदान कुणी ‘वारं लागलंय’ म्हणून कान बांधायला सांगितलं नसावं!

दवाखान्यात भूलतज्ज्ञ डॉक्टर आल्या. त्यांनी आधी रक्तदाब बघितला, ताप बघितला, हातापायांतली ताकद तपासली, बोलणं आणि नजर तपासली. मी म्हटलं, सुईमुळेच झालंय ना, मग हे सगळं कशाला? त्या म्हणाल्या, ‘बाळंतिणीचं प्रत्येक डोकं सुईनंच दुखतं असं नाही. रक्तदाब वाढला तरी दुखतं. मेंदूतल्या रक्तवाहिनीत गाठ झाली तरी दुखतं. मेंदूच्या आवरणांना सूज आली तरी दुखतं. ते नाही ना, हे आधी बघावं लागतं.’ हे वाक्य सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं आहे. बाळंतपणानंतरचं जोराचं डोकेदुखणं घरी अंगावर काढायचं नसतं, मग सुई दिलेली असो वा नसो.

साधं दुखणं असेल तर भरपूर पाणी, विश्रांती, वेदनाशामक गोळ्या यांवर एक-दोन आठवड्यांत ते आपोआप थांबतं. पण माझी लेक बाळाला मांडीवर घेऊ शकत नव्हती. तेव्हा डॉक्टरांनी उपाय सुचवला तो ऐकून मी घाबरलेच. तिच्याच दंडातलं साधारण वीस मिलिलिटर रक्त काढायचं आणि ते पुन्हा त्याच सुईच्या वाटेनं पाठीत घालायचं. रक्त गोठतं आणि भोकावर ठिगळ बसतं. इंग्रजीत त्याला ब्लड पॅच म्हणतात, ठिगळच ते! ही युक्ती अमेरिकेतल्या जेम्स गोर्मली या शल्यवैद्यानं १९६० साली मांडली. ज्यांच्या पाठीत सुई देताना थोडं रक्त येतं त्यांचं डोकं कमी दुखतं, हे त्याच्या नजरेत आलं होतं. लेकीनं स्वतः सगळं विचारून घेतलं आणि हो म्हणाली. दोन तास ती उताणी पडून होती. मग सावकाश उठून बसली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. तिनं मान इकडे-तिकडे वळवली आणि म्हणाली, ‘अम्मी, बाळ दे.’ प्रत्येकीला असा गुण येतोच असं नाही, काहींना हा उपाय दुसऱ्यांदा करावा लागतो, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. आमचं नशीब चांगलं.

जाताना डॉक्टर मला एवढंच म्हणाल्या, ‘बुधवारीच का नाही कळवलंत?’ मी गप्प बसले. कारण क्वचित का होईना, हे दुखणं लांबलं तर डोक्याच्या कवटीखाली रक्तस्राव होऊ शकतो, हे मला त्यानंतर कळलं.

मग मी वाचायला लागले. कवितेसाठी जशी शब्दांच्या मागे लागते तशी आकड्यांच्या मागे लागले. ब्रिटनमधल्या प्रसूतिभूलतज्ज्ञांच्या संघटनेनं बायांसाठी एक छोटं पत्रक काढलेलं आहे. त्यात सरळ लिहिलंय, की आठांत एकीला या सुईचा पुरेसा उपयोग होत नाही, पन्नासात एकीचा रक्तदाब बराच खाली येतो, शंभरात एकीला हे जोराचं डोकेदुखणं होतं. शंभर म्हणजे किती? एसटीच्या दोन गाड्या भरतील एवढ्या बाया, त्यांतली एक. हजारात एकीच्या पायाला काही काळ बधिरपणा किंवा अशक्तपणा राहतो. तो सहा महिन्यांपेक्षा जास्त टिकण्याचं प्रमाण तेरा हजारांत एक. पाठीत पू होणं पन्नास हजारांत एक. मेंदूच्या आवरणाची सूज एक लाखात एक. रक्ताची गाठ होऊन नसा दाबल्या जाणं एक लाख सत्तर हजारांत एक. आणि पांगळेपणासारखी गंभीर इजा अडीच लाखांत एक. मुंबईच्या वानखेडे मैदानात सुमारे ३३ हजार माणसं बसतात. तशी साडेसात मैदानं बायांनी भरली, तर त्यांतली एक.

ब्रिटनमध्येच पाठीतल्या भुलेची देशभर पाहणी झाली. सात लाखांहून अधिक वेळा दिलेल्या भुलेचा तो हिशेब २००९ साली प्रसिद्ध झाला. तोही हेच सांगतो: कायमची इजा फार क्वचित आणि बाळंतिणींमध्ये तर इतर रोग्यांपेक्षाही कमी. शिवाय बाळंतपणानंतर पाय बधिर झाला तर त्याचं कारण बऱ्याच वेळा सुई नसतेच. बाळाचं डोकं खाली उतरताना नस दाबलेली असते. आणि ‘त्या सुईपासून माझी कंबर धरली ती धरलीच’ हे वाक्य आपल्याकडे घरोघर ऐकू येतं, त्यालाही अभ्यासांतून आधार मिळालेला नाही. सुईची जागा चार दिवस हुळहुळते. पण वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीचा दोष तिच्या माथी मारता येत नाही. सुईमुळे सिझेरियन वाढतं, हेही तसंच. मात्र शेवटचा टप्पा थोडा लांबू शकतो आणि चिमटा किंवा वाटी लावण्याची वेळ थोडी अधिक येऊ शकते. हे खरं आहे आणि तेही सांगायला हवं.

पण क्वचित म्हणजे कधीच नाही, असं नव्हे. हजारो मैलांवरच्या दोन-तीन घटना वाचून माझी झोप उडाली. २००४ साली इंग्लंडमध्ये एका परिचारिकेला मुलगा झाला. बाळंतपणानंतर पाठीच्या नळीत घालायचं औषध चुकून हाताच्या शिरेत लावलं गेलं आणि ती गेली. हे औषध रक्तात गेलं की हृदय थांबू शकतं. २०१० साली सिडनीमध्ये एका बाईच्या पाठीत औषधाऐवजी त्वचा पुसायचं जंतुनाशक गेलं. दोन्ही द्रव ट्रेमध्ये उघड्या वाट्यांत शेजारी शेजारी ठेवलेले होते. तिला त्यामुळे पांगळेपण आलं. अमेरिकेत २००८ आणि २००९ मध्ये पाच बाळंतिणींना पाठीतल्या सुईनंतर मेंदूच्या आवरणाची सूज आली, त्यांतली एक दगावली. जंतू होते माणसाच्या तोंडात राहणारे. त्यातल्या दोघींना सुई देणाऱ्यानं तोंडावर मास्क लावलेला नव्हता.

या घटनांत सुईचा दोष किती आणि माणसांचा किती, ते तुम्हीच ठरवा. मला दिसतं ते असं, की मोठ्यातली मोठी आपत्ती साध्या गोष्टीतून आली: दोन सारख्या नळ्या, दोन सारख्या वाट्या, एक न लावलेला मास्क. आणि त्यांवरचे उपायही तसेच साधे निघाले. पाठीची नळी शिरेच्या नळीला जोडताच येऊ नये, अशी वेगळ्या मापाची तोंडं तयार झाली. जंतुनाशक उघड्या वाटीत ठेवू नये, असं ठरलं. औषध रक्तात गेलंच तर उतारा म्हणून शिरेतून द्यायचं एक स्निग्ध, दुधासारखं औषध हाताशी ठेवायचं, असं ठरलं. औषधाची मात्राही पूर्वीपेक्षा खूप सौम्य झाली. कुणाच्या तरी घरातली बाई गेली, तेव्हा बाकीच्यांसाठी हे शहाणपण आलं. त्या बाया आपल्या कुणी नव्हत्या, पण त्यांचं देणं आपल्याला लागतं.

आता आपल्याकडचं बघू. आपल्या बहुतेक बायांना पाठीतल्या सुईची ओळख होते ती कळांसाठी नव्हे, तर सिझेरियनसाठी. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात दर पाचांतल्या एकीहून थोड्या अधिक बाळंतपणांत सिझेरियन झालं. तिथली सुई बारीक असते आणि पिशवीच्या आत मुद्दामच घालतात. डोकेदुखीचं प्रमाण कमी, पण दुखणं तेच. म्हणजे मी आज जे सांगते आहे ते केवळ शहरातल्या हौशी मुलींचं नाही. ते खेड्यातल्या, ग्रामीण रुग्णालयात सिझेरियन झालेल्या बाईचंही आहे.

आणि एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. सगळं निस्तरल्यावर मी लेकीची फाइल चाळत होते. त्यात संमतिपत्र होतं. इंग्रजीत, बारीक टायपात. डोकेदुखी, नसेची इजा, सगळं त्यात लिहिलेलं होतं. खाली सही जावयाची. रात्री दोन वाजता व्हरांड्यात उभ्याउभ्या केलेली. सही जावयाची आणि पाठ लेकीची! चूक एकट्या दवाखान्याची म्हणत नाही. आम्हीही विचारलं नाही. पण २००८ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयानं एका निकालात स्पष्ट केलं आहे, की सज्ञान रोग्याची संमती त्याचीच हवी आणि धोके, फायदे, पर्याय यांची पुरेशी माहिती देऊन घेतलेली हवी. त्या प्रकरणात भुलेखाली असलेल्या बाईच्या आईनं संमती दिली होती. न्यायालय म्हणालं, ती पुरेशी नाही. आईचीदेखील नाही! हे वाचलं तेव्हा मी थोडी ओशाळले. लेकीच्या कळा सोसाव्यात की नाही, हे तिच्या वतीनं ठरवायला निघालेली मीही एक आईच होते.

म्हणून, घरात कुणी बाळंत व्हायची असेल तर कळा सुरू व्हायच्या आधी, सातव्या-आठव्या महिन्यातच विचारून ठेवा. सुई देणारे भूलतज्ज्ञ डॉक्टर असतील ना? दिल्यानंतर कुणीतरी सतत लक्ष ठेवायला असेल ना? काही झालं तर घरून कुठल्या नंबरावर फोन करायचा? रक्त पातळ करणारी गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल, रक्तातल्या प्लेटलेट कमी असतील, पाठीवर गळू किंवा जखम असेल, तर ते आपणहून सांगा. आणि घरी आल्यावर चार खुणा लक्षात ठेवा. उठल्यावर वाढणारं आणि झोपल्यावर थांबणारं डोकेदुखणं. पाठीत वाढत जाणारी कळ आणि ताप. पायांतला बधिरपणा किंवा अशक्तपणा जो उतरायच्या ऐवजी वाढतो किंवा उतरल्यावर पुन्हा येतो. आणि लघवी-शौचावरचा ताबा जाणं. पहिली खूण दिसली तर त्याच दिवशी दवाखाना. बाकीच्या तीनपैकी एकही दिसली तर त्याच तासाला. कारण गाठीनं किंवा पुवानं नसा दाबल्या जात असतील, तर काही तासांच्या उशिरानंही पाय कायमचा जाऊ शकतो. तेल, धुरी, काढा यांना त्यांची जागा आहे. ही त्यांची जागा नव्हे.

मराठीत प्रसूतीच्या वेदनांना आपण कळा म्हणतो आणि समजण्याला कळणं म्हणतो. दोन्ही शब्द इतके जवळ राहतात, पण माझ्या घरात कळा पिढ्यान्‌पिढ्या आल्या आणि कळलं मात्र फार उशिरा. आणि डॉक्टर जिला भूल म्हणतात, तो शब्द आमच्या घरच्या बोलीत चूक या अर्थानं येतो. सुईची भूल चार तासांत उतरली. माझी भूल उतरायला अडीच दिवस लागले.

नात आता बोलायला लागली आहे. परवा मी लेकीला सहज विचारलं, ‘पुन्हा वेळ आली तर काय करशील गं? घेशील ती सुई?’ मला वाटलं, नाही म्हणेल. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘घेईन. पण आधी सगळं विचारून घेईन. आणि सही मी करीन.’ मग थोड्या वेळानं म्हणाली, ‘तू फक्त फोन लवकर कर.’

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)